राजाची शिल्लक उडी

दिलीप साळुंखेला बुद्धिबळ येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो, हत्ती सरळ जातो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. वजीर कुठंही जातो हेही ठाऊक होतं, फक्त स्वतःचा वजीर कुठं गेला ते त्याला तो गेल्यावरच कळायचं. तरीही सासुरवाडीला तो चॅम्पियन होता. त्याचं कारण सोयरीक जमवणारे मामा. साताऱ्याकडच्या त्या गावात जाऊन त्यांनी नवरी मुलगी उज्वला हिच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, 'पोरगा बुद्धिबळात नंबर काढतो' असं सांगून ठेवलं होतं. नंबर काढला होता हे खरं आहे. ऑफिसातल्या स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला होता. स्पर्धेत एकूण दोनच जण होते, हे मामांनी सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही.

आप्पा म्हणजे पंचक्रोशीतला बुद्धिबळातला शेवटचा शब्द. पोरीला तीन स्थळं आली होती, त्यांतलं त्यांनी हेच निवडलं, ते या नंबरापायी. लग्नानंतर दिलीप सासरी गेला की आप्पा पट काढायचे आणि दिलीपचं डोकं दुखू लागायचं. कधी डोकं, कधी पोट, कधी परतीची गाडी. नऊ वर्षं त्याने अशी वेळ मारून नेली. एवढ्या मोठ्या खेळाडूला एवढी आजारपणं असावीत याचं आप्पांना मनापासून वाईट वाटायचं, आणि तसं ते गावभर सांगायचेही.

शहाण्णव साली आप्पा पहिल्यांदाच वाशीला लेक-जावयाकडे राहायला आले. त्या वेळची वाशी आता कुणाला सांगून पटायची नाही. सेक्टरांना नंबर होते, पण दोन सेक्टरांच्या मध्ये नुसतं गवत. दुपारी खाडीवरचा वारा सुटला की गॅलरीतले कपडे पुढच्या सोसायटीत सापडायचे, आणि ते परत आणायला गेलं की चहा घेतल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर रांग. पण सगळे सगळ्यांना ओळखायचे, हे मात्र होतं. त्याचा त्रासही व्हायचा, तो पुढं येईलच.

आप्पा आले ते एका आठवड्यासाठी. आदल्या वर्षी उज्वलाची आई, वेणूबाई, गेली. त्यानंतर पाच महिन्यांनी आप्पांचे जन्माचे सोबती बाबासो गेले. या बाबासोंबरोबर आप्पा चाळीस वर्षं पारावर रोज खेळत होते. आप्पांचा एक नियम होता. डाव अर्धा असताना गाव सोडायचं नाही. उज्वलाच्या साखरपुड्याला खुद्द मुलीचा बाप दोन तास उशिरा आला, कारण बाबासोंची खेळी व्हायची होती. बाबासो गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी डाव पुरा झाला होता, आणि 'कायबी बाकी ठेवलं न्हाई त्येनं' असं आप्पा पुनःपुन्हा म्हणायचे. आता गावात बाकी होतं ते चार खणांचं घर आणि आप्पा. उन्हाळ्यात दोन दिवस ते तापाने पडून होते आणि शेजाऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता. हे उज्वलाला कळलं तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष लागेना.

पण जावयाच्या घरी राहायचं म्हणजे काय. आप्पांच्या आयुष्यात ते बसतच नव्हतं. लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा तोही अंग चोरून. दुसऱ्यांदा भाजी वाढली तर आप्पा ताटावर हात आडवा धरत. रोज सकाळी मंडईतून काहीतरी भाजी घेऊन येत, म्हणजे फुकट खाल्ल्यासारखं होऊ नये. आणि त्यांची कापडी पिशवी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असे. तिच्यातून सकाळी एक सदरा निघे आणि धुऊन, वाळवून, घडी करून संध्याकाळी तिच्यातच परत जाई. कपाटात उज्वलाने एक फळी रिकामी करून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुम्ही काहीतरी करा," उज्वला एका सकाळी ओट्याशी उभं राहून म्हणाली. "मी म्हटलं तर ते लेकीचं बोलणं झालं. ते गेले की परत यायचे नाहीत. मला आतून कळतंय ते."

तिने हे रडत सांगितलं असतं तर दिलीपने समजूत घातली असती. ती कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिलीप घाबरला आणि काहीतरी करायचं ठरवून बसला.

ते काहीतरी त्याला सोसायटीच्या फळ्यावर सापडलं. सेक्टरातल्या समाजमंदिरात बुद्धिबळ स्पर्धा होती. आठ खेळाडू, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, तीन रविवार. आप्पांचं नाव घालायचं म्हणजे तीन आठवडे हलायला नको. तेवढ्यात चार ओळखी होतील, कुणीतरी खेळायला भेटेल, आणि पिशवी खुंटीवरून उतरेल. योजना साधी होती. दिलीपच्या सगळ्याच योजना साध्या असत.

फॉर्मवर 'स्थानिक रहिवासी असल्याचा पुरावा' अशी ओळ होती. पुरावा म्हणजे रेशनकार्ड. आप्पांचं नाव गावच्या कार्डावर. इथल्या कार्डावर ते चढवायचं तर आधी गावच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला हवा, असं खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितलं, आणि दिलीपने ते घरी येऊन जेवताना भोळेपणाने बोलून दाखवलं. आप्पांचा घास हातातच राहिला. गावातून आपलं नाव काढायचं चाललंय आणि तेही जावयाच्या हातून, एवढंच त्यांना ऐकू आलं. त्या संध्याकाळी खुंटीवरची पिशवी खाली उतरली होती आणि आप्पा एष्टीच्या वेळा विचारत होते. उज्वलाने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याला पुढं बरेच दिवस पुरली.

मग तळमजल्यावरचा दादू भोईर मदतीला आला. दादू खाडीकाठच्या गावचा. इथली बिल्डिंग उभी राहायच्या आधी याच जागेत त्याच्या आजोबांचं मिठागर होतं, त्यामुळे सोसायटीतल्या कुठल्याही गोष्टीत सल्ला द्यायचा त्याला पिढीजात हक्क होता. "तू कनाला टेन्शन घेतोस?" तो म्हणाला. "सोसायटीचा लेटर घे. लेटरवर गनपतीत स्पीकर भेटतो, पानी भेटतं, तर म्हाताऱ्याला खेळायला भेटनार नाय?"

सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज पवार, कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांचा गाळा. ते म्हणाले, पत्र देता येईल, पण ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला सात दिवसांची नोटीस लागेल. दिलीपने त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले, तेव्हा 'तातडीची सभा' बोलावली गेली. गच्चीची गळती आणि जिन्यातल्या सायकली हे विषय सभेने प्रथेप्रमाणे दीड तास चघळले आणि शेवटच्या पाच मिनिटांत आप्पांचा ठराव आला. तो मंजूर होणार, इतक्यात धर्मराजांना नवीन विचार सुचला. सोसायटीचं नाव जाणार तर एकट्या पाहुण्याचं कशाला जावं, सोबत सोसायटीचा माणूसही हवा. आणि आपले साळुंखे तर चॅम्पियन आहेत, असं आप्पाच पाण्याच्या टाकीजवळ सगळ्यांना सांगत असतात.

सभेने टाळ्या वाजवल्या. दिलीपचं डोकं दुखू लागलं, पण तिथं त्याची दखल घेणारं कुणी नव्हतं.

आप्पांनी हे ऐकलं आणि त्यांचा सगळा राग विरघळला. जावयाबरोबर एकदा बसायला मिळणार म्हणून ते तीन रविवार थांबायला तयार झाले. पण त्यांनी तिकीट मात्र काढून घेतलं. तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारची सकाळची एष्टी. ते तिकीट कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलं होतं, आणि उज्वला कॅलेंडर न पाहता दुधाच्या तारखा चुकवू लागली.

स्पर्धेचे नियम गावच्या नियमांपेक्षा वेगळे होते, म्हणून दिलीपने एक संध्याकाळ शिकवणी घेतली. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, हे आप्पांना उतावळेपणाचं वाटलं. राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट त्यांना आवडला. घड्याळाचं मात्र त्यांना पटेना. आपली खेळी झाली की बटण दाबून समोरच्याचं घड्याळ सुरू करायचं, हे त्यांना 'पाव्हण्याला उठा म्हणण्यासारखं' वाटत होतं. आणखी काही फरक असतील तर विचारा, असं दिलीप म्हणाला. आप्पांनी काही विचारलं नाही. ज्या गोष्टी सगळ्या जगात सारख्याच असतात, त्या काय विचारायच्या.

पंच होत्या अरुणा मॅडम. उंच, शिस्तीच्या, गळ्यात शिटी. शिटी कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या रविवारी त्यांनी आप्पांना तीनदा ताकीद दिली, कारण आप्पा समोरच्याला 'वजीर सांभाळा' म्हणून सावध करत होते. मॅडमचं म्हणणं, खेळताना बोलायचं नाही. आप्पांचं म्हणणं, न सांगता वजीर मारणं ही चोरी झाली. दोघांनी एकमेकांसमोर हात टेकले. आप्पा घड्याळाचं बटण एकदाही न दाबता आणि वजीर सांगून सांगून मारत, दोन रविवारांत सहा डावांतले सहा जिंकले.

दिलीपही सहा डाव खेळला. पहिल्या डावात त्याने चुकून वजिराला हात लावला आणि 'हात लावला की तेच मोहरं हलवायचं' या नियमाने वजीर घोड्याच्या तोंडात नेऊन दिला. दुसऱ्यात तो अकराव्या खेळीला मात झाला आणि वीस मिनिटं ते त्याला कळलं नाही, कारण समोरचा कॉलेजातला मुलगा सज्जन होता आणि पाणी प्यायला गेला होता. सहा डाव, शून्य गुण. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला एक सल्ला देऊ लागला. कुणी बदाम सुचवले, कुणी चष्म्याचा नंबर. दादू म्हणाला, तू पांढरी घेत जा, काळी तुला दिसत नाय. फक्त आप्पांचा विश्वास ढळला नाही. जावईबापू सासऱ्यासाठी डाव राखून ठेवतायत, असं त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ जाहीर केलं. दिलीपला त्या दिवशी खरोखरच लाज वाटली. या माणसाला नऊ वर्षं आपण फसवलं, आणि हा आपली बाजू घेतोय.

तिसऱ्या रविवारी सकाळी शेवटचा डाव. आप्पा विरुद्ध दिलीप. समाजमंदिराच्या खिडक्यांत सोसायटी उभी होती. उज्वला पहिल्या रांगेत, पण तिचं लक्ष पटाकडे नव्हतं. घरी ओट्यावर दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाच्या दशम्यांचं पीठ मळून ठेवलेलं होतं.

पंधरा खेळ्यांत आप्पांना सगळं कळलं. ते दिलीपला दिसलं. म्हाताऱ्याचा हात एका घोड्यावर जाता जाता थांबला, त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं आणि परत खाली घातली. त्या नजरेत राग नव्हता, हेच दिलीपला जास्त लागलं. त्यानंतर आप्पा वेगळेच खेळू लागले. मोहरी मारत गेले, पण शह एकदाही दिला नाही. दिलीपचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्याकडचं सगळं संपलं तरी आप्पांनी एक प्यादं मुद्दाम ठेवलं, समोर आपलं प्यादं लावून अडवलेलं. राजा एकटाच उरला तर गावाकडे तो डाव जिंकला असं धरत नाहीत, आणि जावयाचा राजा एकटा करायचा नाही एवढा मान त्यांना राखायचा होता. त्यांना करायची होती प्यादेमात. साध्या प्याद्याने राजाला मात देणं, यापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या पारावर नव्हती, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

त्या तयारीसाठी त्यांनी हत्ती एक घर सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

दिलीपने पाहिलं. राजाला शह नव्हता. पण राजाला हलायला घरही नव्हतं. प्यादं अडलेलं. आपण हरलो असणार अशा सवयीने त्याने हात मिळवायला पुढं केला. इतक्यात अरुणा मॅडम वाकल्या, पटावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "शह नाही, खेळी नाही. डाव बरोबरीत."

आप्पा शांतपणे म्हणाले, "बरोबरी कशी, बाई? त्येंच्या राजाला अजून शह लागला न्हाई. उडी शिल्लक हाय त्येची."

मग हळूहळू उलगडा झाला. आप्पांच्या गावी राजाला शह बसेपर्यंत, साऱ्या डावात एकदा, घोड्यासारखी उडी मारता येते. चाळीस वर्षं ते तसंच खेळले होते. दिलीपला हा नियम माहीत नव्हता म्हणून त्याने तो नाही असं सांगितलं नव्हतं, आणि आप्पांना तो नसेल असं वाटलं नव्हतं. राजाने उडी मारावी आणि नेमक्या त्या घरात प्याद्याने त्याला गाठावं, एवढ्यासाठी म्हाताऱ्याने अख्खा डाव बांधत आणला होता.

"अशी उडी नियमात नाही, आजोबा," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

प्रत्येकी अर्धा गुण. आप्पा पहिले आलेच, बक्षीस भिंतीवरचं घड्याळ, ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. अर्ध्या गुणाचा धनी दिलीप शेवटून पहिला. पण धर्मराजांनी माईक हातात घेऊन सांगितलं की ज्या खेळाडूपुढे सगळे हरले त्याला एकट्या साळुंखेंनी रोखलं, आणि टाळ्या पडल्या. दिलीपला कुठं बघावं ते सुचेना. आप्पाही टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर आप्पांनी स्वतःचा जुना पट काढला. दिवाणाजवळच्या स्टुलावर मांडला आणि एकेक मोहरं आठवून जिथल्या तिथं ठेवलं. कोपऱ्यात दिलीपचा राजा, अडलेलं प्यादं, सरकलेला हत्ती.

"ते मॅडमचं मॅडमपाशी," ते म्हणाले. "आपल्या घरात डाव चालू हाय. खेळी तुमची, जावईबापू."

दिलीप खुर्ची ओढून बसला. त्याला उडी दिसत होती. एकच होती, न दिसायला काय झालं. मारली की पुढच्याच खेळीला प्यादेमात, म्हाताऱ्याला हवं ते मिळणार, आणि नऊ वर्षांच्या खोटेपणाची अर्धीमुर्धी तरी फेड होणार. त्याने हात पुढं केला. बोटं राजापासून कणभर अंतरावर होती तेव्हा दशम्या भाजल्याचा वास आला. त्याने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उज्वला उभी होती, हातात दशम्या बांधायचं फडकं. तिच्या डोक्यावर कॅलेंडर, कॅलेंडरच्या खिळ्याला तिकीट. डाव अर्धा असताना गाव सोडायचं नाही.

हात तिथंच थांबला.

"हात लावला का राजाला?" आप्पांनी विचारलं.

"नाही," दिलीप म्हणाला आणि हात मागं घेतला. "विचार करतो, आप्पा. अवघड आहे जरा."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या लेकीकडे. मग म्हणाले, "करा. डावात घाई करू न्हाई माणसानं."

सोमवारची एष्टी गेली. त्या आठवड्यातल्या सगळ्या गेल्या. दशम्या चौघा शेजाऱ्यांत वाटल्या गेल्या. दिलीप रोज ऑफिसातून आला की चहा घेऊन स्टुलाशी बसे, कपाळाला आठ्या घाली, आणि पाच मिनिटांनी उसासा टाकून उठे. दादूच्या गावातही राजाला उडी होती, त्यामुळे त्याचा जीव कासावीस व्हायचा. "अरे, ही बग ना उडी. मला दिसते, आमच्या पोरीला, मैनाला दिसते, तुला दिसत नाय? डोळं तपासून घे रे." एका खेळीला माणसाने दोन महिने घ्यावेत, हा सोसायटीत चेष्टेचा विषय झाला. चॅम्पियन ही पदवी गेली आणि तिच्या जागी 'विचारवंत' आली. दिलीपला ते झोंबायचं. रात्री तो उज्वलाला म्हणायचा की उद्या मारतोच उडी, दाखवतोच सगळ्यांना. ती त्याचं पांघरूण सारखं करायची.

एका सकाळी खुंटी रिकामी होती. दिलीप तसाच दाराकडे धावला. मग उज्वलाने कपाट उघडून दाखवलं. रिकाम्या फळीवर दोन सदरे, एक धोतर आणि टोपी नीट मांडून ठेवलेली होती, आणि पिशवी घेऊन आप्पा मार्केटात कांदे आणायला गेले होते.

मग ते झालं. दिवाळीच्या आधीची साफसफाई. उज्वला रोज एकेक मोहरं उचलून, पुसून, परत तिथंच ठेवायची, पण त्या दिवशी स्टुलाचा पाय तिच्या साडीत अडकला. पट उलटला. राजे, हत्ती, प्यादी, सगळं फरशीभर पसरलं. आप्पा बाहेर फिरायला गेले होते. दिलीप आणि ती गुडघ्यांवर बसून मोहरी गोळा करू लागले, आणि दोघांच्याही लक्षात आलं की डाव कसा होता ते आपल्याला नक्की सांगता येत नाही. दोन महिने रोज बघूनही दिलीपला येत नव्हतं. डाव मोडला होता. आप्पांना आता अडवणारं काही नव्हतं. उज्वला हातातलं प्यादं घट्ट धरून तशीच बसली आणि पहिल्यांदाच रडली.

दारात आप्पांची चप्पल वाजली. ते आत आले, फरशीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दिवाणावर बसले आणि हात पुढं केला. उज्वलाने एकेक मोहरं त्यांच्या हातात दिलं. आप्पांनी ती मांडली, सावकाश, एकदाही न थांबता. कोपऱ्यातला राजा सगळ्यात शेवटी. शेवटचं बोट त्याच्यावरून काढून ते जावयाकडे वळले.

"खेळी तुमची होती, न्हाई का?"

"हो, आप्पा," दिलीप म्हणाला. "विचार चाललाय."

"चालू द्या," आप्पा म्हणाले, आणि उज्वलाला म्हणाले, "जेवायला वाढ गं. आज भाजी दोनदा वाढलीस तरी चालंल."